‘निवांत पेन्शनर’ म्हणणाऱ्या वाचकांना थोडं सविस्तर उत्तर

सवाई गंधर्व हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव, बागेतले हास्यक्लब अशा गोष्टींवरच्या ‘थंडीतलं पुणं’ या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते: “काकू, लेख छान, पण हे सगळं निवांत पेन्शनरांचं थंडीतलं मन रमवणं आहे. गाणं ऐकून आणि बागेत हा हा करून कुणाची तब्येत सुधारत नसते. तिकिटाचे दर, स्पीकरचा आवाज, हडपसर-वाघोलीच्या माणसाने तिथवर यायचं कसं, यावर एक ओळ नाही. अर्धा लेख थालीपिठावर.”

एरवी मी असल्या प्रतिक्रिया सोडून देते. पण याला ‘लाइक’चे अंगठे देणारे बरेच निघाले, त्यात दोघं ओळखीचे. म्हणून लिहिते आहे.

थालीपिठाचं मान्य. सवाईच्या मंडपाबाहेरच्या स्टॉलवर मी जरा जास्तच रेंगाळले. लोण्याचा गोळा विरघळायच्या आत खायचं की नंतर, यावर एक आख्खा परिच्छेद लागत नाही. तेवढा मुद्दा तुमचा.

आता ‘काकू’. आपली ओळख नाही, तुमचं वय मला ठाऊक नाही, माझं तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. ओळख नसताना नातं जोडायचं आणि पुढच्याच वाक्यात टपली मारायची, याला स्पष्टवक्तेपणा म्हणत असतील तर म्हणोत. मला कुणी काकू म्हटल्याचं वाईट वाटत नाही, गल्लीतली सगळी पोरं म्हणतात. ती मात्र आधी चप्पल काढून घरात येतात.

असो. खरं बोलायचंय ते ‘निवांत पेन्शनर’ या शब्दांवर.

माझे वडील नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसभर उभ्याने छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. शिशाने आणि शाईने बोटांची टोकं कायम काळी. सणाच्या दिवशी लिंबाने घासूनही ती तशीच राहायची. तेव्हा सवाई रमणबागेत व्हायचं, न्यू इंग्लिश स्कूलच्या मैदानावर, आणि रात्र रात्र चालायचं. वडील छापखान्यातून सुटले की घरी येऊन जेवायचे, घोंगडी खांद्यावर टाकायचे आणि निघायचे. सोबत वाया गेलेल्या प्रुफांचा गठ्ठा असायचा. तो फुटपाथवर अंथरायचा, मैदानाच्या भिंतीला पाठ लावायची आणि बाहेर ऐकू येईल तेवढं गाणं ऐकायचं. आत जायचे नाहीत, कारण तिकिटाचे पैसे नसायचे. भिंतीबाहेर त्यांच्यासारखे पुष्कळ असत. कुणी बिडी द्यायचा, कुणी चहा आणायचा, आणि आत गाणाऱ्याने सुरांची एखादी चांगली जागा घेतली की बाहेरच्या माना आतल्याइतक्याच डोलायच्या. सकाळी नळावर तोंड धुऊन थेट कामावर. त्या दिवशीच्या प्रुफांत चुका जास्त निघतात, अशी मालकांची तक्रार असायची आणि ती खरी असणार.

या माणसाला निवांत म्हणून दाखवा.

पेन्शन तर त्यांना कधी लागूच नव्हती. तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. जुनीच आहे. पण लेखात मी आजचीही माणसं लिहिली होती, ती तुम्ही वाचली नाहीत किंवा वरचा फोटो बघून थेट खाली आलात. रात्रपाळी उरकून आलेली नर्स, जी पहिल्या संथ ख्यालाला झोपते आणि द्रुतला, म्हणजे लय वाढली की, जागी होते. तबल्याच्या क्लासची पोरं, मांडीवर बोटांनी मात्रा मोजणारी. यात पेन्शनर कोण? भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला, तेव्हा ते स्वतः तिशीत होते. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, आदल्याच वर्षी गेले होते. हा काही निवृत्तांचा विरंगुळा म्हणून उभा राहिलेला कार्यक्रम नव्हे.

आणि समजा, असले पेन्शनर, तर? पेन्शनर माणसात मोडत नाही का?

माझ्या सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. म्हणजे तुमच्या व्याख्येतल्या अगदी अस्सल. सासरे गेले त्यानंतर त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. दुपारी खिडकीत, संध्याकाळी टीव्हीपुढे, आणि विचारलं की “मला काही होत नाहीये” हे एकच उत्तर. शेजारच्या बाईंनी त्यांना ओढून बागेतल्या हास्यक्लबला नेलं. पहिले काही दिवस सगळ्यांत मागे, पदर तोंडाशी धरून उभ्या. घरी येऊन म्हणायच्या, “वेडे आहेत सगळे. हसायला काही कारण नको?” डिसेंबर सरता सरता पहाटे स्वेटर सापडत नाही म्हणून मला हाका मारायला लागल्या. आणि संक्रांतीच्या सुमारास सहलीच्या वर्गणीवरून क्लबच्या खजिनदारांशी त्यांचं असं कडाक्याचं भांडण झालं की मी मनातल्या मनात पेढे वाटले. त्यांना भांडायला माणसं मिळाली होती हो! साखर किती उतरली, रक्तदाब किती आला, याचा हिशेब मी लेखात दिला नव्हता आणि आताही देणार नाही. गोळ्या त्या शेवटपर्यंत घेत होत्या. “तब्येत सुधारत नसते” हे तुम्ही ज्या ठामपणे लिहिलंत, त्या ठामपणाची मला गंमत वाटते, इतकंच.

कारण बागेत हसणं ही कल्पना काढली ती एका डॉक्टरनेच. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतल्या एका बागेत मोजक्या पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब भरवला. सुरुवातीला विनोद सांगून हसायचे, पण चांगले विनोद संपले. तेव्हा विनोदाशिवाय हसायचं ठरलं. आणि पुराव्याचंच म्हणत असाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ साली एक मोठा अहवाल काढला आहे. कला आणि आरोग्य यांचा संबंध तपासणाऱ्या ३,००० हून जास्त अभ्यासांचा त्यात आढावा आहे. आजार टाळण्यापासून ते उपचारांना हातभार लावण्यापर्यंत कलेचा उपयोग दिसतो, असं तो सांगतो. तो काही सदाशिव पेठेतल्या काकूंनी लिहिलेला नाही. वाचा, मग बोलू. एवढं मात्र सांगते की गाणं ऐका आणि डॉक्टर सोडा, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. न म्हटलेल्या गोष्टीला उत्तर देण्यात तुम्ही प्रतिक्रियेतलं एक आख्खं वाक्य खर्च केलंत.

बाकीचं भराभर.

आवाज. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. सांस्कृतिक कार्यक्रम आणि सणांसाठी वर्षातून फार तर १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते, तीही सरकारने दिली तर. रात्र रात्र चालणारं सवाई त्यातच संपलं. मध्यरात्रीनंतरचा सोहनी, परज, उजाडताना येणारा ललत, हे राग त्या त्या वेळेला मैदानावर बसून ऐकायचं सुख गेलं ते गेलंच. सकाळचं सत्र ठेवलं तर सकाळचे राग ऐकायला मिळतात, पण रात्रभर जागून सकाळ होणं आणि आंघोळ करून, डबा घेऊन सकाळी येणं यात फरक आहे. यावर मला वेगळं लिहायचंय, थालीपिठाशिवाय. तुमच्यापुरतं बोलायचं तर तुमची बाजू केव्हाच जिंकली आहे. आता तक्रार कसली?

तिकीट. खुर्चीचा दर वेगळा, भारतीय बैठकीचा वेगळा, हे सगळ्यांना माहीत आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांना तिकीट नाही. वेताळ टेकडीवर पहाटे जाऊन धुक्यात सूर्यनमस्कार घालायला तिकीट नाही. सोसायटीच्या मागच्या मैदानात आगटी पेटवून हुरडा भाजायला तर मुळीच नाही. कणसं आणणारा आणि ती गरम गरम हातावर चोळणारा माणूस तेवढा लागतो, आणि चोळणाऱ्याचे तळवे पोळतात त्याची तयारी. ज्याला ऐकायचंय तो भिंतीबाहेरूनही ऐकतो, हे वर सांगितलंच.

यायचं कसं. अहो, कार्यक्रम आता मुकुंदनगरला असतो आणि मेट्रो जवळच्या स्वारगेटपर्यंत येते. वाघोलीच्या माणसाने रामवाडीला यावं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी. हडपसरहून स्वारगेटला बस आहे, आमच्या लहानपणापासून आहे. रात्री परत जाताना हाल होतात, पण ते पुण्यात कुठूनही कुठेही जाताना होतात, त्याचं खापर माझ्या लेखावर का?

तुमच्याकडे, म्हणजे हडपसर, वाघोली, तुम्ही जिथे कुठे राहत असाल तिथे, थंडीत काय होतं हे मला खरंच वाचायला आवडेल. भजनी मंडळ असेल, मैदानावरच्या कबड्डीच्या स्पर्धा असतील, भोगीला एकत्र बाजरीच्या भाकरी भाजत असतील. लिहून पाठवा. मी इथे छापते, एक शब्द न कापता, पार्किंगच्या तक्रारीसकट. अट एकच: खाली स्वतःचं खरं नाव घाला. संक्रांतीच्या आत पाठवलंत तर जानेवारीतच लावता येईल.