गोऱ्ह्याचा खर्च कुणाच्या खात्यावर?

परवा शिरूरकडे चुलतभावाकडे गेलो होतो. अडीच एकर रान आणि दावणीला नऊ जनावरं. संध्याकाळी तो केंद्रावर दूध घालून आला, हातात चिठ्ठी. फॅट ३.५, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५, दर लिटरला ३० रुपये. मी सहज विचारलं, "दादा, लिटरला खर्च किती येतो रे?"

"पंचवीस-सव्वीस." उत्तर तोंडावरच होतं.

म्हणजे चार रुपये सुटतात. मला काही पटेना. म्हटलं, वही आण.

नऊ जनावरांतल्या चारच गाई दुधात. दोन्ही वेळचं मिळून ४४ लिटर. एक गाभण, दोन कालवडी. त्या उद्याच्या, म्हणून त्यांचा खर्च आम्ही सोडूनच दिला. (तो सोडायला नको होता, पण मला हिशोब फार कडक करायचा नव्हता.) उरली एक म्हातारी भाकड गाय आणि एक जर्सीचा गोऱ्हा, म्हणजे नर वासरू. म्हातारीला कडबा, उसाचे वाढे, मूठभर भुसा धरून दिवसाला १२०. गोऱ्ह्याला ६०. झाले १८०. ४४ लिटरवर वाटा, लिटरमागे चार रुपये आणि वर काही पैसे. सव्वीसात चार मिळवले की तीस. दर तीसच! वहिनी पहाटे साडेचारला उठून शेण काढते, धारा काढते, त्याची मजुरी त्या सव्वीसात शून्य धरलेली. ती शेजारी बसून लसूण सोलत होती. म्हणाली, "माझं नका धरू भाऊजी, मग गोठाच बंद करावा लागंल."

दुधाच्या दरावर आपल्याकडे दरवर्षी आंदोलन होतं, पण या दोन तोंडांबद्दल कुणी बोलत नाही. शहरातल्या आपल्या डोक्यात गाय म्हणजे दुधाचं मशीन. पण गाय दूध देते ती व्याल्यावर, आणि निम्म्या वेळा गोऱ्हाच होतो. खिल्लार असता तर औताला गेला असता, शर्यतीच्या नादी माणसानं चांगले पैसे मोजून नेला असता. जर्सीच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू टिकत नाही, उन्हात धापा टाकतो. त्यात औताला दारात ट्रॅक्टर.

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. आपल्या बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर १९६४ सालीच याच विषयावर लिहून गेले. सार असं की चारा मोजका आणि तोंडं फार, म्हणून सगळीच जनावरं अर्धपोटी. दूध वाढवायचं तर आधी संख्येचा प्रश्न सोडवा. तेव्हाही ते कुणाला फारसं रुचलं नव्हतं.

नंतर आपण उलट दिशेनं गेलो. गोहत्याबंदी राज्यात १९७६ च्या कायद्यानं होतीच, मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. मी इथे धर्माचा वाद घालत नाहीये, माझ्याही घरी वसुबारस होते. मी फक्त विचारतोय की विकता न येणारं जनावर सांभाळायचा खर्च कुणाचा? पूर्वी म्हातारा बैल विकून नव्याला चार पैसे जोडता यायचे. आता तो फुकटही कुणी नेत नाही. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांत देशातलं गोधन किंचित वाढलं, महाराष्ट्रातलं जवळपास १० टक्के घटलं. सगळं खापर कायद्यावर फोडणार नाही, मधे दुष्काळही पडले. पण शेतकरी काय करतोय ते दिसतंय.

२०२४ च्या जानेवारीत सरकारनं लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं. त्यासाठी जनावराच्या कानात १२ आकडी बिल्ला हवा, ऑनलाइन नोंद हवी. दादानं सगळं केलं. आता वरचा हिशोब पुन्हा बघा. पाचातले चार या दोघांनीच खाल्ले असते. त्याच वर्षी सप्टेंबरात देशी गाईला दिवसाला ५० रुपये द्यायचं ठरलं, पण नोंदणीकृत गोशाळेला. तीच म्हातारी दादाच्या दावणीला मेली तरी एक रुपया नाही, आणि ती पडली संकरित, म्हणजे गोशाळेतही तिच्या नावानं काही नाही. समाजाला ती जगायला हवी असेल तर पैसा दावणीपाशी पोचवा. नाहीतर कालवडीच होणारं सीमेन गावातल्या दवाखान्यात कायम आणि स्वस्तात मिळू द्या, दहातल्या नऊ वेळा कालवड होते. निदान पुढचे गोऱ्हे तरी जन्मणार नाहीत.

केंद्र सरकार २२ पिकांचे हमीभाव जाहीर करतं. त्यात दूध नाही. ते आलं तरी उत्पादन खर्चात ही भाकड आणि हा गोऱ्हा धरणार का, हे मला आधी कुणीतरी सांगावं.

निघताना दादा म्हणाला, दिवाळीनंतर दोन गाई काढून चाकणहून म्हैस आणतो, रेडकू निदान विकता तरी येतं. वहिनीला ते अजिबात मान्य नाही. म्हैस एकाच हाताला लागते, दुसऱ्याला धार काढू देत नाही म्हणे, मग ती माहेरी कधी जाणार?