चुकलंय म्हाराजा

सकाळी सातला वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. आमच्या रायीतलं, म्हणजे देवाच्या रानातलं, सातविणीचं झाड आडवं. ओंडके करून एकावर एक रचलेले, शेजारी पेट्रोलवरची करवत आणि खाली मजकूर : 'मंदिर जीर्णोद्धाराचे काम प्रगतीपथावर'. पुढे तीन वेळा जोडलेले हात. अर्ध्या तासात पन्नासेक अंगठे आले. डोंबिवली, विरार, पुणे, दुबई, सगळीकडून. झाड का पाडलंत, असं एकानेही विचारलं नाही. मी विचारलं. उत्तर आलं, 'मिक्सरची गाडी आत जायला वाट नव्हती.'

आज ऑफिसला दांडी मारली आहे. रागात लिहितोय, शुद्धलेखन पोटात घाला.

राय म्हणजे देवाच्या नावानं सोडलेलं रान. घाटावर देवराई म्हणतात, रत्नागिरीकडे देवरहाटी. कुऱ्हाड लावायची नाही, चपला बाहेर काढायच्या, वाळलेली काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही. आमच्या रायीत सातेरी. आणि सातेरी म्हणजे मूर्ती नव्हे, वारूळ! मातीचं, वाळवीनं कणकण रचलेलं. आमच्या पूर्वजांनी मातीच्या ढिगापुढे हात जोडले आणि भोवतालचं रान तिचं म्हणून सोडून दिलं. आता त्या वारुळाभोवती ग्रॅनाइट बसणार, बाहेर पेव्हर ब्लॉक आणि स्टीलचं रेलिंग. थ्रीडी चित्र आलंय ग्रुपवर. त्यात झाडं आहेत, कुंडीतली.

मी नऊ वर्षांचा होतो. १९८३चा जून, पाऊस नुकता लागलेला, मुंबईला परतायला दोन दिवस होते. आजी सातेरीला नारळ ठेवायला निघाली, मी मागोमाग. परतताना वाटेत गारंबीची शेंग फुटून पडली होती. गारंबी पाहिली नसेल तर सांगतो, हाताएवढी लांब शेंग आणि आत चपट्या, तपकिरी, घासून पॉलिश केल्यासारख्या बिया, घड्याळाच्या डायलएवढ्या. मी एक खिशात टाकली. शाळेत दाखवायला.

घरी पोचल्यावर पडवीत पाय धुताना ती टपकन पडली. आजी बघतच राहिली. ओरडली नाही. म्हणाली, "तां आपला न्हय. तेचा हा. आत्ताच्या आत्ता थंय ठेवून ये. आणि म्हण, चुकलंय म्हाराजा."

दिवेलागणीला तासभर होता. एकटा. नऊ वर्षांचा.

आता कोणी म्हणेल, लहान पोराला असं घाबरवायचं? चालेल, म्हणा. पण त्या पाऊण तासात मला जे मिळालं ते पुढच्या चाळीस वर्षांत कुठल्या रांगेत मिळालं नाही. मी रांगा कमी लावलेल्या नाहीत. व्हीआयपी पास काढून दर्शन घेतलंय, गाभाऱ्यात पोचल्यावर दीड सेकंदात "चला, चला" म्हणून पाठीवर हात पडलाय. बाहेर आल्यावर देव आठवतो का विचाराल तर मला पुढच्या माणसाची टोपी आठवते.

मधे एक सांगतो. २०१९ला आम्ही मेघालयला गेलो होतो. तिथे मॉफलांगला खासी लोकांचं राखलेलं रान आहे. तिकीट काढलं, गाइड घेतला. आत पाय टाकण्याआधी तो म्हणाला, इथून काही न्यायचं नाही, एक पानसुद्धा नाही. आमच्या ग्रुपमधल्या बायकांच्या अंगावर काटा आला, सगळ्यांनी मोबाइल काढले. मला आजी दिसली, पडवीत पाय धुताना. विमानाचं तिकीट काढून दोन हजार किलोमीटरवर जाऊन मी तेच वाक्य ऐकत होतो. तिथे आमचे लोक 'किती हो जपतात हे लोक' म्हणाले. तेच लोक आज अंगठे देतायत.

बरं, जुनं देऊळ गळत होतं. मान्य. पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, गेल्या वर्षी एक म्हातारी पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेही मान्य. मग कौलं बदला, पायऱ्यांना छिन्नीची टाकी लावून खरखरीत करून घ्या. मिक्सर बाहेर उभा करून घमेल्यानं माल नेता येत नव्हता? घरं बांधली तेव्हा आमच्या आयांनी डोक्यावरून चिरे वाहिलेत.

हो, मी स्वतः सातव्या मजल्यावर राहतो आणि माझ्याकडे झाड म्हणून एक मनीप्लांट आहे. कोणीतरी हे बोलणारच होतं, मीच बोलून टाकलं.

तर बी परत ठेवायला रायीत शिरलो तेव्हा बाहेर ऊन होतं. आत दहा पावलांवर संध्याकाळ. वर आभाळ नाहीच, नुसतं पान. बाहेर पाऊस थांबलेला, पण आत थांबलेला नव्हता. वरच्या पानावरून खालच्या पानावर, तिथून त्याखालच्या, असा एकेक थेंब उतरत होता. तो ऐकू येत होता म्हणजे किती शांत असेल बघा. पायाखाली कुजक्या पानांचा गादीसारखा थर, पाऊल टाकलं की आतून गरम वास. मी सातविणीपर्यंत गेलो. हो, तीच. तिच्या बुंध्याचे आधार माझ्या उंचीचे, भिंतींसारखे बाहेर आलेले. दोन भिंतींच्या मधे बी ठेवली आणि म्हटलं, "चुकलंय म्हाराजा."

आणि वरून आवाज आला. हूश्, हूश्, हूश्. कोणीतरी मोठ्ठा श्वास घेत डोक्यावरून जातंय असा. मी जागच्या जागी थिजलो. नंतर मोठेपणी कळलं, धनेश पक्षी होता. त्याच्या पंखांचा तसा आवाज येतो. वड-उंबराची फळं खातो आणि बिया रानभर टाकत जातो, म्हणजे राय तोही पेरतो. हे सगळं आता माहीत आहे. माहीत झाल्यानं त्या दिवशीचा तो श्वास कमी झाला नाही.

भीती होती का? होती. पण भुताची नव्हती. आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय आणि घरवाला जागा आहे, पण रागावलेला नाही, असं काहीसं. मला शब्द नाहीत. कीर्तनकारांकडे असतील.

ज्यांना हे 'निसर्गप्रेमींचं फॅड' वाटतं त्यांच्यासाठी एकच. १९७०च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक देवरायांचा अभ्यास करत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या देवराईवर तोडीचा हुकूम आला, तर गावकऱ्यांनी त्यांना पत्र पाठवून राय वाचवायला मदत मागितली. तेव्हा माणसं झाड तोडू नका म्हणून पत्र लिहीत होती. आज झाड तोडल्याचा फोटो टाकतात, खाली हात जोडून. आमच्या रायीच्या पोटातून पऱ्ह्या म्हणजे ओहोळ निघतो, वाडीची विहीर त्यावर. विहीर आटली की टँकर लावा आणि टँकरला वाट करायला आणखी दोन झाडं पाडा.

काही ठिकाणी रायीत बायकांना जाऊ देत नाहीत, तेही मला पटत नाही. देवाच्या नावावर माणसं सगळंच करतात, राखतातही आणि अडवतातही. आमच्याकडे तसं नव्हतं, नाहीतर माझी गोष्टच झाली नसती.

त्या रात्री आजीच्या कुशीत झोपलो होतो. विचारलं, "आजी, देव माका दिसलोच नाय." तिनं कूस बदलली. झोपेतच बोलली असावी.

"तुका तो दिसलो नाय. तेका तू दिसलंस ना? झाला तर."

आजी ९१ साली गेली. फोटोतले ओंडके सकाळपासून मोठे करून बघतोय. सगळ्यात जाड ओंडक्याच्या खालच्या अंगाला ती भिंतीसारखी कड अजून दिसते. मी बी ठेवली ती हीच बाजू का, ते ओळखता येत नाही. बायको म्हणाली, फोन ठेव आता. ठेवला, परत उचलला.

जीर्णोद्धाराची माणशी वर्गणी ५,००१ आहे. मी दिलेली नाही. देणार नाही असंही म्हटलेलं नाही, गावात घर आहे, भावकी आहे, तोंड दाखवायचंय. रविवारी देवळात मीटिंग आहे. गाऱ्हाण्याला उभं राहून सगळ्यांसमोर विचारणार आहे, उरलेल्या रायीचं काय. 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार कोण कोण देतं ते बघू.

शनिवारच्या तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट वेटिंगवर आहे, बारावा नंबर. नाही झालं तर लाल डबा आहेच. वाडीतल्या कोणाच्या घरी काही पोचवायचं असेल तर शुक्रवारपर्यंत आणून द्या. येताना काजू, कोकम, काय हवं ते सांगा. रायीतलं मात्र काही मागू नका.