मला वळणाचा नाही, सरळ रस्त्याचा टायर हवाय!

सोलापुरात टायरची चार दुकानं फिरलो. आसरा चौकापासून जुन्या पुणे नाक्यापर्यंत, मे महिन्याच्या उन्हात, डोक्यात हेल्मेट आणि अंगात जॅकेट घालून. एकाही ठिकाणी मला कुणी विचारलं नाही की तुम्ही गाडी चालवता कुठे. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "मालक, बजेट किती?"

माझी मोटरसायकल हजार सीसीची. एकशे चाळीस हॉर्सपॉवर, मागे १९०/५० झेडआर १७ आणि पुढे १२०/७० झेडआर १७ चा टायर. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच, शेवटचा रिमचे इंच. सोबत आलेला मागचा टायर ७,२०० किलोमीटरला संपला. त्यात टायरचा दोष नाही, तो स्पोर्ट जातीचाच होता, म्हणजे वळणांवर पकड देणारा, पण लवकर झिजणारा. त्यावरून अंगठा फिरवा, मधोमध चार बोटं रुंदीचा पट्टा पाटासारखा सपाट लागतो. खाचांच्या तळाशी झिजेची खूण म्हणून जो उंचवटा असतो, तो वरच्या रबराच्या बरोबरीला आलाय. आणि कडेला बघाल तर नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस अजून जसेच्या तसे. मधला टायर मेला, कडेचा जन्मालाच आला नाही!

कारण सोलापुरातून निघालं की वळणं आहेतच कुठे? पुण्याला जायचं तर मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, अडीचशे किलोमीटर नाकासमोर. हैदराबादला जायचं तर नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, तेही तसंच. विजयपूरचा रस्ता तर पट्टी धरून आखलाय. वळण म्हणून काय ते तुळजापूरचा घाट, तो सुरू होईपर्यंत संपतो. मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा, बहिणीला द्यायला शेंगा चटणीचे आणि कडक भाकरीचे डबे, आणि खाली तापलेलं डांबर. पारा ४२-४३ ला असतो तेव्हा डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं, हात ठेवून बघा. माझ्या टायरचं आयुष्य हे असं जातं.

आणि सल्ला काय मिळतो? "स्पोर्टच घ्या मालक, ग्रिप लई भारी, वळणावर गुडघा टेकवता येतो." कुठे टेकवू गुडघा? सावळेश्वरच्या टोलनाक्यावर?

इंटरनेटवरचे लोक तर याहून पुढचे. युरोपातल्या गार हवेत, डोंगरातल्या रस्त्यावर टायर वापरायचे आणि निकाल आम्हाला ऐकवायचा. मिशलिन कंपनी म्हणते, त्यांचा २०२२ चा रोड ६ टायर आधीच्या रोड ५ पेक्षा १० टक्के जास्त टिकतो. असेल. पण मला हवंय ते मोहोळ ते टेंभुर्णी दुपारी एक वाजता चालवून कुणी सांगितलंय का? टायर किती टिकला हे सांगताना ओझं किती होतं, हवा किती होती, रस्ता कसला होता, काही सांगायचं नाही. नुसता आकडा फेकायचा. त्या आकड्यावर मी माझे बेचाळीस हजार लावायचे?

मला हवाय तो टूरिंग टायर, म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बनवलेला. सगळ्यात डोकं फिरतं ते "टूरिंग टायर म्हणजे लाकूड, पावसात घसरतो" हे ऐकून. अहो, कुठल्या काळातली गोष्ट ही! आता मागच्या टायरला मधे कडक आणि कडेला मऊ असं दोन प्रकारचं रबर असतं. रबरात सिलिका घालतात, म्हणून ओल्या रस्त्यावरही पकड राहते. पाणी बाहेर फेकायला खाचाही स्पोर्ट टायरपेक्षा जास्त असतात. मिशलिन रोड, पिरेली एंजल जीटी, मेट्झेलर रोडटेक, ब्रिजस्टोनचा टी ३२, हे सगळे याच कामासाठी बनवलेले आहेत. जूनचा पहिला पाऊस पडतो, हायवेवरचं डिझेल आणि ऑइल वर येतं, रस्ता साबणासारखा होतो, तेव्हा मला या टायरची गरज आहे. गुळगुळीत, कमी खाचांच्या टायरची नाही.

तिसऱ्या दुकानात एकदाचा हवा तो टायर दिसला. मन हरखलं. खाली बसलो, मोबाइलचा टॉर्च लावला, बाजूवरची धूळ रुमालाने पुसली. उत्पादनाचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. दिसले ११२२. म्हणजे २०२२ चा अकरावा आठवडा. मी म्हटलं, अहो हा चार वर्षांचा आहे. तर समोरून उत्तर, "तारीख काय बघता मालक, टायर काय दूध आहे का नासायला?"

असं तोंडावर! सावलीत, थंड जागेत नीट ठेवलेला टायर लगेच मरत नाही, हे मलाही कळतं. पण हा सोलापूरच्या चार उन्हाळ्यांत पत्र्याखाली, एकावर एक आठ टायर रचून ठेवलेला. त्यातलं रबर कडक झालंय की नाही याची हमी तुम्ही देणार? बिलावर तारीख लिहून द्या म्हटलं तर "आम्ही तसं लिहीत नाही". आणि दर? २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ झाला. मला सांगितलेला दर मात्र मी मागच्या वर्षी विचारला होता तोच. कराचे दहा टक्के गेले कुठे, विचारल्यावर माणूस फोनवर बोलायला लागला.

मोठ्या गाड्यांचे टायर आधीच सहज मिळत नाहीत. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात मोकळ्या यादीतून काढून परवान्याखाली टाकली, शिवाय आयएसआयचा शिक्का लागतो. त्यामुळे कुठला साइज कधी येईल याचा भरवसा नाही हे मला मान्य. म्हणून काय वाट्टेल ते गळ्यात मारायचं? चौथ्या दुकानात म्हणाले, "५० नाही, ५५ आहे. चढतंय की, काय होत नाही." चढतंय हो, सहा इंची रिमवर चढतं. पण १९०/५० ची भिंत ९५ मिलिमीटर, १९०/५५ ची १०४.५. मागचं चाक साडेनऊ मिलिमीटर वर जाणार, घेर बदलणार, गाडी पुढे झुकून वळणार. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक जागीच फिरून घसरू न देणारी यंत्रणा, पुढच्या-मागच्या चाकाच्या वेगातला फरक मोजून काम करतं, त्याचा हिशोब कोण करणार? मी विचारलं तर पोरगं हसलं. मला हसू आलं नाही. माझी बायको मागे बसते.

आणि हवा! पेट्रोल पंपावर मागच्या टायरला ४२ पीएसआय भरायला सांगितलं की हमखास ऐकायला मिळतं, "उन्हाळा आहे, फुटेल, ३० ठेवू का?" गाडीच्या पुस्तकात पुढे ३६ आणि मागे ४२ लिहिलंय, तेही टायर गार असताना. हवा कमी असली की टायरचं पोट जास्त दबतं, रबर सारखं वाकतं, त्यानेच जास्त तापतं आणि लवकर झिजतं. फुटायची भीती असेल तर ती कमी हवेची बाळगा! उन्हाळ्यात हवा कमी करणं हा सोलापुरातला इतका पक्का समज झालाय की गाडीच्या पुस्तकावर कुणी विश्वास ठेवायला तयार नाही. मी आता सकाळी सहाला घरीच माझ्या गेजने मोजतो.

सपाट झालेल्या टायरवर गाडी कशी चालते तेही सांगतो. वळवायला जावं तर आधी अडते, मग त्या सपाट पट्ट्याची कड ओलांडली की एकदम कलंडते. परवा तुळजापूरच्या घाटात दोनदा तसं झालं. बायको काही बोलली नाही, फक्त माझं जॅकेट घट्ट धरलं. त्या दिवसापासून गाडी घरात उभी आहे. आई भवानीच्या दर्शनाला निघालेला माणूस निव्वळ टायर मिळत नाही म्हणून घरी बसतो, याचा मला संताप येतो.

आता पुण्याहून मागवतोय. साइज तोच, कडक मध्य असलेला टूरिंग टायर, सहा महिन्यांच्या आतली तारीख, आधी फोटो पाठवा मग पैसे, आणि बिलावर ते चार आकडे लिहून पाहिजेत. बसवायला मात्र इथेच जावं लागणार. तिथेही लोखंडी पहारीने रिम खरवडू देणार नाही. चाक बॅलन्स होऊन, मागचा नट टॉर्क पान्याने आवळेपर्यंत मी त्या माणसाच्या शेजारून हलणार नाही.