मध्यस्थीला मांडवली म्हणू नका

आज कसबा बावड्यात कोर्टाबाहेरच्या गाड्यावर चहा घेत होतो. शेजारी एक पोरगा फोनवर सांगत होता, "बहिणीबरोबरची वाटणीची केस मध्यस्थीला पाठवलीया. म्हणजे आता मांडवलीच की!"

पुढचा घोट घशाखाली उतरेना. मांडवली म्हणजे दोघांच्या भांडणात तिसऱ्यानं दम देऊन आपला वाटा काढणं. तो शब्द सख्ख्या बहिणीच्या वाटणीला?

आमचे अण्णा गावात मध्यस्थी करायचे. एकदा दोन भावांचा बांधावरून वाद, प्रकरण कुऱ्हाडीपर्यंत गेलेलं. अण्णा दोघांना घेऊन त्याच बांधावर पाचटावर बसले. बांध कुणी कोरला, हे विचारलंच नाही. "पाणी कुणाला पुरंना झालंय?" एवढंच. धाकटा बराच वेळ हातात ढेकूळ चुरत बसला. मग म्हणाला, "माझ्या पाळीला दादा मोटर बंद करतोय." तीन वर्षं भांडण बांधावर, आणि दुखणं विहिरीवर!

पेपरवालेही 'लवाद' आणि 'मध्यस्थ' खुशाल एकाच्या जागी एक छापतात, त्याचा तर संतापच येतो. लवाद निवाडा देतो. १९९६ च्या लवाद कायद्यानं तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. मध्यस्थाला निकाल द्यायचा अधिकारच नाही. तडजोड लादायची नाही, हे २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही लिहून ठेवलंय. पटलं तर सही करा, नाही पटलं तर उठा. अण्णा लवाद असते तर साखळी टाकून बांध मोजला असता, एक भाऊ जिंकला असता. मोटर बंदच राहिली असती.

मध्यस्थीच्या नावाखाली बायकांना गप्प बसवून हक्कसोडपत्रावर सह्या घेतात, हे होतं. माहीत आहे मला. पण त्याला दडपण म्हणा, मध्यस्थी कशाला म्हणता?

त्या पोराला तिथंच झापायचं मनात होतं. मग बघितलं, फोन ठेवल्यावर तो हातातल्या पिशवीतली कागदं उगाच वरखाली करत होता. घाबरलेला होता बिचारा. भावा, हे वाचत असशील तर आत जाताना बहिणीला काय पुरंना झालंय, तेवढं आधी विचार. त्या दोघा भावांनी त्याच संध्याकाळी मोटरीच्या पेटीला दोन किल्ल्या करून घेतल्या होत्या.