गाणे म्हणजे कबुलीजबाब नव्हे

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीला ज्युरीचे, म्हणजे खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचे, समन्स आले आणि त्याच आठवड्यात तिने घरच्या ग्रुपवर एक संदेश पुढे ढकलला: रॅपर गाण्यांतूनच गुन्हे कबूल करतात, ज्युरी शब्द तोलते, संगीताचा प्रकार नव्हे, तरीही कॅलिफोर्नियाने रॅपला कोर्टात अभय दिले आहे. एखाद्याच्या जन्माचा निकाल लावायला बसणाऱ्या व्यक्तीला हे पटावे, याचीच धास्ती वाटते.

कबुलीबद्दल फार लिहायला नको. पेशवाईतल्या शाहिरांनी स्त्रीच्या तोंडी लावण्या रचल्या. त्यातली ‘मी’ म्हणजे शाहीर नव्हे, हे मराठी माणसाला सांगावे लागू नये. बहिणीच्याच राज्यात एका खुनाच्या प्रयत्नाच्या खटल्यात आरोपीची १३ पाने भरतील इतकी रॅपगीते ज्युरीला वाचून दाखवली गेली. त्यांतली काही घटनेच्या कितीतरी आधीची होती आणि गोळीबाराशी त्यांचा धागा जुळत नव्हता. ती पुराव्यात यायलाच नको होती, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले. शेरीफला, म्हणजे पोलीस अधिकाऱ्याला, गोळी घातल्याचे गाणारा गायक बॉब मार्ली खुनी ठरत नाही, हेही निकालपत्रात सुनावले.

खरा घातक आहे तो ज्युरीविषयीचा दावा. मानसशास्त्रज्ञ कॅरी फ्रीड यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पोलिसाला गोळी घालणाऱ्या तरुणाचे १९६० सालचे एक लोकगीत निवडले आणि तेच शब्द काहींना रॅप म्हणून, तर काहींना कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाचे, संगीत म्हणून वाचायला दिले. एक अक्षर बदलले नव्हते, तरी रॅप समजून वाचणाऱ्यांना ते अधिक आक्षेपार्ह, धोकादायक आणि निर्बंध घालण्याजोगे वाटले. अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा रॅपचे शब्द लोकांनी अधिक शब्दशः खरे मानले. प्रयोगात कोणाला शिक्षा होत नव्हती, हे मान्य. पण शब्द तोलणारी माणसे ती हीच ना?

उरले ‘अभय’. गाण्यात केवळ गुन्हेगारालाच ठाऊक असणारा तपशील असू शकतो आणि तेव्हा ते पुरावा ठरते, हे नाइलाजाने का होईना कबूल करावे लागेल. कॅलिफोर्नियाचा २०२२ सालचा कायदा ते नाकारतच नाही. गाणे गुन्ह्याच्या काळातले आहे का, गुन्ह्याशी पुरेसे मिळतेजुळते आहे का, त्यात जाहीर नसलेला तपशील आहे का, हे न्यायाधीशांनी ज्युरी हजर नसताना तपासावे, असे तो सांगतो. तेही फक्त रॅपसाठी नव्हे, तर कविता, नृत्य, चित्रपट यांच्यासाठीसुद्धा.