धनेशाचं काय ते कौतुक!

शेजारच्या नवऱ्याशी तुलना झाली तर माणूस निदान त्या शेजाऱ्याच्या चार भानगडी शोधून काढतो. माझी तुलना एका पक्ष्याशी होते. आणि त्याचं चारित्र्य स्वच्छ आहे.

याला जबाबदार माझी सासुरवाडी, तालुका संगमेश्वर. एप्रिलच्या उकाड्यात सासऱ्यांनी आम्हाला देवराईत नेलं आणि एका जुन्या बेहड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "जावईबापू, वर ढोलीत ककणेराची मादी बसलीय." ककणेर म्हणजे पुस्तकातला मलबारी कवड्या धनेश. मादी ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा असलं मिळेल ते थापून दार बंद करून घेते. उरते फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट. अंडी, उबवणं, पिल्लं असं करत तिचा मुक्काम साधारण तीन महिने आत. तेवढ्यात ती उडायची पिसंही गाळून मोकळी होते. बाहेरची सगळी आणाआणी एकट्या नवऱ्याकडे.

तेवढ्यात पंखांचा घरघराट करत तो आलाच. खोडाला चिकटून बसला, घशातून एक उंबर वर काढलं, फटीतून दिलं. मग दुसरं. मग तिसरं. पिशवी नाही, यादी नाही, सगळा बाजार घशात. बायकोनं दुर्बिणीतून त्याच्याकडे पाहिलं आणि मग दुर्बीण काढून माझ्याकडे. तिथून माझे दिवस फिरले.

आता पुण्यात रोज संध्याकाळी मंडईची पिशवी हातात पडते ती त्या पक्ष्याच्या नावानं. "तो बघा, न सांगता आणायचा." अहो, त्याला उंबर फुकट मिळतं! वड, पिंपळ, उंबर यांच्यापुढे रांग नसते, सुट्ट्या पैशांची कटकट नसते, आणि उंबराच्या बुंध्याला क्यूआर कोड चिकटवलेला नसतो. शिवाय त्याची बायको आत जे येईल ते खाते. हे धनेश काजऱ्याचीसुद्धा फळं खातात. काजरा! ज्याच्या बीनं माणूस मरतो तो. ती बाई चोच पुढे करते, विषय संपला. मी आणलेल्या भेंडीचं मात्र प्रत्येक टोक मोडून बघितलं जातं. आणि "येताना कोथिंबीर आणा" हा मेसेज मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर असताना येतो. धनेशाला ही सोय नाही, म्हणून त्याचा संसार सुखाचा.

अर्थात निसर्गानंही बंदोबस्त पक्का केलाय. एवढी अवजड चोच, वर शिरस्त्राण. तो भार पेलायला मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जोडलेले. (माझेही तसेच वाटतात, पण डॉक्टर त्याला स्पाँडिलायटिस म्हणतात.) चोच एवढी लांब, पण जीभ इतकी आखूड की फळ घशाकडे उडवून झेलावं लागतं. हे सासऱ्यांनी सांगितलं तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "म्हणूनच भांडणं होत नसतील."

शेवटी मी याच घराण्यातला एखादा नाकर्ता शोधायला निघालो. सापडला तो विल्यम. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावर जो महाधनेश आहे, तो हाच. 1894 पासून 1920 पर्यंत तो एका मद्यविक्रेत्या कंपनीच्या कचेरीत, सोसायटीचे मिलार्डसाहेब बसायचे त्यांच्या खुर्चीमागे राहिला. लोक त्याला कौतुकानं 'ऑफिसातली कॅनरी' म्हणायचे. एकदा त्यानं पेटता सिगार गिळला आणि त्याला काही झालं नाही. म्हणतात की पुढे तारेचा तुकडा गिळून गेला. पण त्याला ओळखणाऱ्या एकाचं मत असं, की मिलार्डसाहेब सोडून गेले तेच त्याला सोसलं नाही. मला यातलं एकच कामाचं होतं. जेवताना विषय काढला.

"हाही धनेशच. सव्वीस वर्षं ऑफिसात काढली. ना बायको, ना ढोली, ना एक उंबर कुणाला नेऊन दिलं."

"त्याला पिंजऱ्यात ठेवलं होतं हो."

'मलाही', हे मी मनात म्हणालो. माझीही जीभ आखूडच.

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, धनेश हवा असेल तर आधी मादीनं दार लिंपून घ्यायचं असतं. तीन महिने. माहेर नाही, भिशी नाही, मोबाइलला रेंज नाही.

तिनं क्षणभरही विचार केला नाही. "आजपासून बसते. स्वयंपाक नाही, पाहुणे नाहीत, तुमचे क्रिकेटचे मित्र नाहीत. चालेल मला." आणि पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "फक्त आणलेलं एकेक करून द्यायचं, त्याच्यासारखं. सगळी पिशवी ओट्यावर उपडी करायची नाही."