चंद्रावरचे 600 कोटी आणि आपल्या उसाचं बेणं

तालमीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड चौथ्यांदा आलाय. "मोबाईल, इंटरनेट सगळं खासगी कंपन्यांनी केलं, सरकारनं संशोधनात पडूच नये, चंद्रावर 600 कोटी उडवण्यापेक्षा शेतकऱ्याला द्या." टाकणारे काका जवळचे आहेत, पण आता गप्प बसवेना.

मोबाईल खासगी कंपन्यांनी झकास केला, मान्य. पण इंटरनेटची सुरुवात 1969 ला अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातनं झाली, आणि पहिल्याच मेसेजला 'लॉगिन' टाईप करताना दोन अक्षरांत सिस्टीम झोपली. जीपीएस पण त्याच खात्याचं, पहिला उपग्रह 1978 चा. असल्या धंद्यात तेव्हा पैसा कोण घालणार होतं?

शेतकऱ्याच्या बाबतीत तर फॉरवर्ड पार गंडलाय. काका, तुमच्या रानात उसाची 86032 जातच आहे ना? त्याच्या आधीचं 'को' म्हणजे कोइमतूर, तिथं 1912 पासून सरकारी ऊस संशोधन केंद्र आहे. मक्याचं संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं म्हणून तिथं कंपन्यांची रांग, पण उसाचं बेणं एकदा आणलं की पुढच्या लागणीला आपण घरचंच तोडतो, नाहीतर शेजारच्याच्या फडातनं कोंबाचे डोळे बघून कांड्या आणतो, मग कंपनीनं विकायचं काय आणि कुणाला? म्हणून ते काम सरकारच्याच गळ्यात पडलं. शेतकऱ्याला द्या म्हणताय, ते असंच दिलंय की.

चंद्राचं थोडक्यात. 2019 ला चांद्रयान-2 चा लँडर, म्हणजे चंद्रावर उतरणारा भाग, आपटला तेव्हा उतरायला जागा ठरवलेली 500 मीटर बाय 500 मीटर. चांद्रयान-3 ला ती 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली, पाय मजबूत केले, आणि 2023 ला उतरलं. आपटल्यावर निधी तोडला असता तर त्या लँडरवरचा खर्च आणि त्यातनं शिकलेलं सगळं बुडीत.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक तक्रार मात्र माझीच आहे. अमेरिकन सरकारनं सोलिंड्रा या सोलर पॅनेल बनवणाऱ्या कंपनीच्या 53.5 कोटी डॉलर कर्जाची हमी घेतली, 2011 ला कंपनी बुडाली आणि भुर्दंड जनतेला. विजेच्या गाड्या बनवणाऱ्या टेस्लाला 46.5 कोटी डॉलर कर्ज दिलं, तिनं ते 2013 ला व्याजासकट फेडलं, पण पुढं शेअर कुठल्या कुठं गेला त्यात जनतेला वाटा शून्य. आपल्याकडं 2025 ला खासगी संशोधनासाठी 1 लाख कोटींची योजना मंजूर झालीय, स्वस्त दरानं लांब मुदतीची कर्जं. काका, भांडायचंच असलं तर त्यातल्या वाट्यावरनं भांडूया, मी येतो बरोबर.